चाळीसचा टायटर आणि ग्वाल्हेरची सर्दी

फ्लूच्या लशीवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, ४० हा आकडा भेटतोच. लस घेतलेल्यांपैकी इतक्या टक्के लोकांचा टायटर (रक्तातल्या अँटीबॉडींचं माप) ४० किंवा त्याच्या वर गेला, असं एक वाक्य असतं आणि त्यावरून लस चांगली की सुमार ते ठरतं. इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या घरी आजींनी जूनमध्ये लस टोचून घेतलेली असते, गणपतीत त्यांना सर्दी-खोकला होतो आणि ‘लस फुकट गेली’ असा घरचा निकाल लागतो. त्या आकड्याचा आणि या निकालाचा संबंध आहे, पण आपण धरून चालतो तसा नाही. ४० हा आकडा रक्तातला आहे. फ्लू सुरू होतो नाकात. मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच, आणि त्यासाठी आधी हा आकडा कसा निघतो ते नीट पाहावं लागेल, कारण त्यातल्या खोड्या कळल्या की पुढचं बरंच आपोआप कळतं.

चाळीस मोजतात कसे

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या पेशीवरच्या सायलिक आम्लाला ते चिकटतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. हेच सायलिक आम्ल तांबड्या पेशींवरही असतं, त्यामुळे विषाणू आणि तांबड्या पेशी एकत्र केल्या की विषाणू मध्ये दुवा बनतो आणि पेशींचं जाळं तयार होतं. जॉर्ज हर्स्ट यांना हे १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये योगायोगाने दिसलं. विषाणू वाढवलेल्या अंड्यातलं द्रव काढताना गर्भाची रक्तवाहिनी फाटली आणि रक्ताच्या गुठळ्यांसारखं काहीतरी झालं. रक्तात योग्य अँटीबॉडी असतील तर त्या हिमॅग्लुटिनिनला आधीच झाकून टाकतात आणि जाळं होत नाही. रक्तद्रव किती पातळ केल्यावरही जाळं अडतं, तो आकडा म्हणजे टायटर. चाळीसपट पातळ केलेलं सीरम अजून अडवतंय आणि ऐंशीपट केलेलं नाही, तर टायटर ४०. या चाचणीला एचआय म्हणतात.

ऐकायला सोपी चाचणी आहे. करायला बसलं की सोपी राहत नाही.

सीरममध्ये अँटीबॉडी नसलेलीही काही द्रव्यं विषाणूला चिकटतात आणि खोटा चांगला निकाल देतात. म्हणून आधी सीरमवर आरडीई हे एन्झाइम वापरायचं. ते कॉलऱ्याच्या जिवाणूपासून मिळतं. १०० मायक्रोलिटर सीरममध्ये ३०० मायक्रोलिटर आरडीई, रात्रभर ३७ अंशांवर. दुसऱ्या दिवशी ५६ अंशांवर ३० मिनिटं, म्हणजे एन्झाइम निकामी होतं. मग ६०० मायक्रोलिटर सलाइन. आता सीरम बरोबर दहापट पातळ झालं. ५६ अंशांची पायरी घाईने २० मिनिटांत आटपली तर उरलेलं आरडीई पुढे तांबड्या पेशींवरचं सायलिक आम्लच खाऊन टाकतं. मग जाळं कुठेच होत नाही आणि प्रत्येक माणूस कागदावर फ्लूपासून सुरक्षित दिसायला लागतो.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वरच्या ओळीत ५० मायक्रोलिटर सीरम, खालच्या सात ओळींत २५ मायक्रोलिटर पीबीएस (मिठाचं बफर द्रावण). वरून २५ उचलायचे, खाली मिसळायचे, तिथून २५ पुढे. १०, २०, ४०, ८० असं करत शेवटचा खळगा १२८० चा, त्यातले जास्तीचे २५ फेकायचे. प्रत्येकात २५ मायक्रोलिटर विषाणू, त्याचं प्रमाण ४ एकक (एक एकक म्हणजे पूर्ण जाळं करायला जेमतेम पुरेल इतका विषाणू). खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं थांबून ५० मायक्रोलिटर तांबड्या पेशी. टर्कीच्या पेशी ०.५ टक्का आणि तळाशी निमुळती प्लेट, गिनीपिगच्या ०.७५ टक्का आणि तळाशी गोल प्लेट. टर्कीचा निकाल अर्ध्या तासाने वाचायचा, गिनीपिगचा तासाभराने. प्लेट तिरकी धरली की अडवलेल्या खळग्यातली तांबडी टिकली अश्रूसारखी खाली ओघळते. जाळं झालं असेल तर काही ओघळत नाही. नुसतं वरून पाहून निकाल लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, तिरकी करणं हाच खरा निकाल.

चुका बहुतेक विषाणूच्या प्रमाणात होतात. दर वेळी ते उलट तपासावं लागतं : ५० मायक्रोलिटरमध्ये ८ एककं असतील तर दुपटीने पातळ करत गेल्यावर पहिल्या चार खळग्यांत पूर्ण जाळं दिसायला हवं. पाच दिसले तर विषाणू दुप्पट पडलाय आणि ज्याचा टायटर ४० यायचा त्याचा २० येईल. तीन दिसले तर उलट. या चाचणीत एक खळगा इकडेतिकडे होणं धरूनच चालतात, म्हणून लशीआधीच्या आणि नंतरच्या टायटरमध्ये चौपट फरक पडला तरच ‘वाढ झाली’ म्हणतात. दुप्पट वाढ म्हणजे कदाचित पिपेटची चूक. दोन्ही नमुने, पहिला लस देताना आणि दुसरा २८ दिवसांनी, एकाच दिवशी एकाच प्लेटवर लावायचे, हेही त्याचसाठी.

आणि ‘खोलीचं तापमान’. पुस्तकातली खोली २२ ते २५ अंशांची असते, ग्वाल्हेरची मे महिन्यातली नसते. विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइमही असतं आणि ते उकाड्यात जोमाने काम करतं. ते सायलिक आम्ल तोडतं, जाळं झालेलं सुटतं आणि टिकली खाली बसते. वाचणाऱ्याला वाटतं अँटीबॉडीने अडवलं. एसी बंद पडलेल्या दिवशी लावलेल्या प्लेटा सरळ बाद कराव्यात. एच३एन२ ची (फ्लूची ही एक जात; एच१एन१ आणि बी या इतर) खोडी निराळीच. गेल्या काही दशकांत तो कोंबडीच्या पेशींना चिकटेनासा झाला, टर्कीच्याही धड पकडत नाही, आणि काही विषाणू हिमॅग्लुटिनिनऐवजी न्यूरामिनिडेजनेच पेशी धरतात. मग प्लेटमध्ये २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध घालून न्यूरामिनिडेजची पकड सोडवायची आणि गिनीपिगच्या पेशी घ्यायच्या. किंवा एचआय सोडून एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी) न्यूट्रलायझेशनची, म्हणजे अँटीबॉडी पेशींना होणारी लागण थांबवतात का ते पाहण्याची, चाचणी करायची. दोन-तीन दिवस जातात, पण निकाल जास्त खरा.

चाळीस म्हणजे अर्धं

हा ४० आला कुठून? ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू सोडून त्यांना लागण होते का ते पाहण्याचे प्रयोग झाले. हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. टायटर १८ ते ३६ असलेल्यांमध्ये लागण निम्म्यावर आली होती. पुढे गोल करून ४० धरला गेला. म्हणजे ४० ही भिंत नाही. टायटर नसलेल्या माणसाच्या तुलनेत लागण होण्याची शक्यता अर्धी, इतकाच त्याचा अर्थ. वर ८०, १६० असं चढत गेलं की शक्यता आणखी घटते, पण शून्यावर जात नाही. युरोपच्या औषध नियामकांनी बरीच वर्षं अट ठेवली होती की १८ ते ६० वयातल्या ७० टक्क्यांहून जास्त लोकांत टायटर ४० गाठायला हवा आणि साठीच्या पुढच्यांत ६० टक्क्यांहून जास्त. ती अट आता मागे पडली, आकडा मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. लहान मुलांत तर तो लागूच पडत नाही. २०११ मध्ये ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी ६ महिने ते ६ वर्षं वयाच्या मुलांचा अभ्यास छापला, तिथे अर्ध्या संरक्षणासाठी ११० चा टायटर लागतो असं निघालं. कारण समजण्यासारखं आहे : मोठ्या माणसाकडे या अँटीबॉडीखेरीज आधीच्या फ्लूंची इतर शिल्लकही असते, मुलाकडे नसते.

वयस्कांचं उलट. त्यांच्याकडे शिल्लक भरपूर, पण नव्या लशीला प्रतिसाद मंद. नेहमीच्या लशीत प्रत्येक जातीचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं, ०.५ मिलिलिटरमध्ये. ६५ च्या पुढच्यांसाठी ६० मायक्रोग्रॅमची लस काढली तेव्हा ३१ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत (२०१४ मध्ये छापलेल्या) नेहमीच्या लशीपेक्षा २४.२ टक्के कमी फ्लू झाला. चौपट माल घालून चतुर्थांश फायदा. माझ्या लेखी हा चांगला सौदा आहे, पण चौपट फायद्याच्या अपेक्षेने घेणारा नाराज होईल.

अंड्यातली गडबड

बाजारातल्या बहुतेक फ्लूच्या लशी आजही कोंबडीच्या अंड्यात वाढतात. ९ ते ११ दिवसांची गर्भ धरलेली अंडी घ्यायची, कवचाला भोक पाडून पाण्याच्या पिशवीत विषाणू सोडायचा, ३३ ते ३५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं आणि मग रात्रभर ४ अंशांवर. ही गारठवण्याची पायरी महत्त्वाची, रक्तवाहिन्या आकसतात. ती टाळली तर द्रवात रक्त उतरतं आणि विषाणू त्या तांबड्या पेशींना चिकटून वाया जातो; हर्स्ट यांच्या अंड्यात झालं तेच. पुढे साखरेच्या द्रावणातून गरगरवून विषाणू वेगळा काढतात, फॉर्मल्डिहाइडने किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोनने मारतात, डिटर्जंटने फोडतात. लशीतलं हिमॅग्लुटिनिन मोजून पाहण्यासाठी खास सीरम मेंढीत तयार करावं लागतं, आणि ते हाताशी येईपर्यंत कारखाना तयार माल घेऊन बसलेला असतो. विषाणू ठरल्यापासून सिरिंज भरेपर्यंत सहा महिने सहज जातात. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात जाती जाहीर करते, हंगामाच्या कितीतरी आधी.

गडबड अशी की माणसाच्या घशातलं सायलिक आम्ल एका पद्धतीने जोडलेलं असतं आणि अंड्यातलं दुसऱ्या. अंड्यात तगून राहायला विषाणू आपलं हिमॅग्लुटिनिन थोडं बदलून घेतो, आणि तो बदल नेमका अँटीबॉडी जिथे बसतात त्याच जागी पडतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्कॉट हेन्सली यांच्या गटाने २०१७ मध्ये एच३एन२ मध्ये हे नीट दाखवलं. त्या वर्षांत फिरत असलेल्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनवर १६० व्या जागेपाशी साखरेचं एक झाकण आलं होतं. अंड्यात वाढवलेल्या लशीच्या विषाणूने ते झाकण टाकून दिलं. लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडी अंड्यातल्या विषाणूवर झकास चालल्या, बाहेर फिरणाऱ्यावर फिक्या पडल्या. अशा वेळी एचआय चाचणी अंड्यातल्याच विषाणूवर केली तर ४० सगळ्यांना मिळतो. परीक्षेला घरचाच पेपर आला तर गुण मिळणारच. म्हणून कुठल्याही लशीचे टायटर वाचताना आधी बघा : चाचणीतला विषाणू अंड्यातला की पेशींतला?

पेशींत वाढवलेल्या लशी आणि हिमॅग्लुटिनिन थेट कीटकांच्या पेशींत बनवलेली लस (तिच्यात दर जातीचे ४५ मायक्रोग्रॅम) या गडबडीतून सुटतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अंड्याची लस चालत नाही, हा समज मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. अमेरिकेच्या लसीकरण समितीने २०२३-२४ पासून अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी वेगळी खबरदारी सांगणंच बंद केलं आहे. लस टोचताना कुणासाठीही घ्यायची असते तितकीच पुरे.

नाकाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. दंडात टोचलेली लस रक्तात आयजीजी वाढवते. ही अँटीबॉडी रक्तातून झिरपत फुफ्फुसाच्या खोल भागात बऱ्यापैकी पोचते, नाकात फार थोडी. नाकाच्या अस्तरावर पहारा असतो तो आयजीए या दुसऱ्या अँटीबॉडीचा, आणि तो तिथेच, अस्तराखालच्या पेशींत तयार होतो. दंडातल्या सुईने तो फारसा जागा होत नाही. परिणाम जो अपेक्षित तोच : नाकात लागण होऊ शकते, घसा खवखवतो, पण विषाणू खाली उतरताना अडतो. आजींना सर्दी झाली आणि न्यूमोनिया झाला नाही, तर लशीने आपलं काम केलं. घरात न्यूमोनिया झाला नाही याची मात्र कुणी नोंद ठेवत नाही.

शिवाय ती सर्दी फ्लूची होती हे कुणी ठरवलं? गणपतीच्या दिवसांत रायनोव्हायरस, आरएसव्ही, जुने सर्दीचे कोरोना सगळेच फिरत असतात. फ्लूच आहे का हे कळायला नाक-घशाचा स्वॅब लागतो, तोही आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. काडी नायलॉनची किंवा डॅक्रॉनची. कापूस आणि लाकडी काडी पीसीआरला अडथळा करतात. काडी नाकपुडीतून वर नव्हे, टाळूला समांतर, कानाच्या दिशेने आत जायला हवी. वर नेली की रुग्ण ओरडतो आणि नमुना नाकाच्या पुढच्या भागातलाच येतो. नमुना ४ अंशांवर ७२ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७०. घरगुती फ्रीजरचे उणे २० म्हणजे विषाणूचा सर्वात वाईट सौदा. स्वाइन फ्लूच्या वर्षांत मध्य प्रदेशातले नमुने तपासायला इथल्या डीआरडीईत (संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत) येत असत, तेव्हाही पेटीतला बर्फ वाटेत वितळला की नमुना कितीही चांगला घेतलेला असो, फुकट.

नाकातून द्यायची लस हा या प्रश्नाचा सरळ उपाय वाटतो आणि काही अंशी आहे. तिच्यातला विषाणू जिवंत पण गारठ्याला सरावलेला असतो : २५ अंशांवर वाढतो, नाकाच्या ३२-३३ अंशांत थोडा वाढतो, फुफ्फुसाच्या ३७ अंशांत नांगी टाकतो. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरमध्ये मासाब यांनी आणि लेनिनग्राडमध्ये रशियन संशोधकांनी असे मूळ विषाणू बनवले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये काढलेली नेझोव्हॅक लेनिनग्राडच्या वाणावरची. गंमत अशी की मुलांना या लशीने संरक्षण मिळतं, पण रक्तातला टायटर पुष्कळदा हलतही नाही. ४० चा आकडा इथे आंधळा. तरी ही लस रामबाण नाही. अमेरिकेत २०१६ ते २०१८ असे दोन हंगाम तिची शिफारस थांबवली होती, कारण एच१एन१ विरुद्ध ती नीट चालत नव्हती. लशीतला विषाणू नाकात पुरेसा वाढतच नव्हता. तो बदलल्यावर ती परत आली. मोठ्या माणसांत ती तितकी चालत नाही. वर्षानुवर्षं फ्लू झालेल्या नाकात आयजीए तयार असतो आणि तो लशीच्या विषाणूलाच हाकलतो.

तिसरी फळी टी पेशींची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची. लंडनच्या अजित लालवाणी यांच्या गटाने २००९ च्या साथीत निरोगी लोकांचं रक्त आधी घेऊन ठेवलं आणि नंतर कुणाला कसा फ्लू झाला ते पाहिलं. विषाणूच्या आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या सीडी८ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) ज्यांच्याकडे जास्त होत्या त्यांचा आजार सौम्य झाला, एच१एन१ च्या अँटीबॉडी नसतानाही. आतली प्रथिनं सहसा बदलत नाहीत, म्हणून या पेशी नव्या जातीलाही ओळखतात. मारून फोडलेल्या लशीने त्या फारशा वाढत नाहीत.

गोवर एकदा झाला की जन्मभर होत नाही आणि फ्लू पुन्हा पुन्हा होतो, याचं कारण सगळे विषाणूच्या बदलण्यात शोधतात. ते निम्मंच खरं. आरएसव्ही फारसा बदलत नाही, तरी दर दोन-तीन वर्षांनी होतो. दुसरं कारण वेळेचं आहे. गोवराचा विषाणू नाकातून शिरून, रक्तातून सगळीकडे फिरून दहा-बारा दिवसांनी आजार देतो. तेवढ्यात जुन्या स्मृतिपेशी जाग्या होऊन अँटीबॉडी बनवतात. फ्लू दोन दिवसांत काम उरकतो. स्मृतिपेशींना तयारीला चार-पाच दिवस लागतात. तोवर कणकण सुरू.

कोण कधी जन्मलं

थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये एक निरीक्षण मांडलं : माणसाला आयुष्यात पहिल्यांदा जो फ्लू होतो, त्याची छाप शरीर कधी विसरत नाही. १९१८ ते १९५७ जगभर एच१एन१ च फिरत होता. १९५७ ला एच२एन२ आला, १९६८ ला त्याची जागा एच३एन२ ने घेतली आणि १९७७ मध्ये एच१एन१ परतला. म्हणून १९५० च्या आसपास जन्मलेल्या आजींना २००९ चा स्वाइन फ्लू त्यांच्या मुलांपेक्षा कमी सतावत होता. त्यांच्याकडे लहानपणीची शिल्लक होती. २०१६ च्या एका अभ्यासात हा नियम बर्ड फ्लूलाही लागू पडला : १९६८ पूर्वी जन्मलेल्यांना एच५एन१ पासून बरंच संरक्षण, नंतरच्यांना एच७एन९ पासून. कारण एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, आणि त्यातले एच१, एच२ आणि एच५ एका कुटुंबातले, एच३ आणि एच७ दुसऱ्या. एकाच लशीने एकाच घरातल्या आजीचा टायटर ३२० आणि नातवाचा ४० येतो, तो लशीतला फरक नसतो.

लशीचा परिणाम लोकसंख्येत कसा मोजतात तेही थोडक्यात. ताप-खोकल्याने आलेल्या सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा आणि फ्लू निघालेल्यांत आणि न निघालेल्यांत लस घेतलेले किती ते पाहायचं. समजा फ्लूचे १०० रुग्ण निघाले, त्यात लस घेतलेले १०. फ्लू नसलेले ३००, त्यात घेतलेले ६०. पहिल्या गटाचं प्रमाण १० भागिले ९०, म्हणजे ०.११. दुसऱ्याचं ६० भागिले २४०, म्हणजे ०.२५. भागाकार ०.४४, परिणामकारकता ५६ टक्के. या पद्धतीने झालेल्या अभ्यासांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात एच१एन१ ला ६१, बी ला ५४ आणि एच३एन२ ला फक्त ३३ टक्के निघाले. यात फक्त स्वॅबला आलेला फ्लू मोजला जातो. हृदयाचा हिशेब वेगळा. फ्लू निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो, असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. अटॅक येऊन गेलेल्यांना लगेच लस दिलेल्या २०२१ च्या चाचणीत वर्षभरातले मृत्यू, पुन्हा अटॅक आणि स्टेंट बुजणं मिळून ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आले. घरात कुणाला अँजिओप्लास्टी झाली असेल तर टायटरची चर्चा बाजूला ठेवा आणि लस घ्या.

ग्वाल्हेरला कधी

भारतात फ्लूचे दोन चढ असतात : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात-पावसाळ्यानंतर. ग्वाल्हेरला हे दोन्ही गर्दीच्या हंगामांशी जुळतात. पावसाळ्याच्या शेवटी गणपती, आरतीला एका खोलीत चाळीस माणसं. आणि हिवाळ्यात १९०५ पासून चालत आलेला व्यापार मेळा, धुक्यात दाटीवाटीने. मधल्या मे-जूनच्या भट्टीत फ्लू आटोक्यात असतो. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅनिस लोवेन यांच्या गटाने गिनीपिगांवर दाखवलं की ३० अंशांना हवेतून फ्लू पसरेनासा होतो. एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्यांना मात्र ३० अंशांनाही लागण झाली. म्हणजे उन्हाळ्याच्या भरवशावर एका खाटेवर चार मुलं निजवू नयेत.

श्रीनगरसारख्या ठिकाणी चढ फक्त हिवाळ्यात, तिथे ऑक्टोबर योग्य. आपल्याकडे मे संपायच्या आत, दक्षिण गोलार्धाची नवी लस बाजारात आली की, हे मला सर्वात सरळ वाटतं. टायटर दोन ते चार आठवड्यांत शिखरावर जातो आणि मग उतरतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात एच३एन२ आणि बी विरुद्धची परिणामकारकता महिन्याला सुमारे ७ टक्क्यांनी घटत गेली. म्हणजे मेची लस जानेवारीत दमलेली असते. साठीच्या पुढच्या, दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाने मे चुकवला असेल तर पुढच्या मेची वाट पाहू नये, सप्टेंबर-ऑक्टोबरला उत्तर गोलार्धाची घ्यावी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून त्यांचं एप्रिलमध्येच सुरू करावं. दुसरा डोस चुकवला की पहिल्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिला फक्त ओळख करून देतो.

खोक्यावरची नावं वाचायला शिका. ‘बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१’ म्हणजे बी प्रकार, ऑस्ट्रियात मिळालेला, प्रयोगशाळेतला क्रमांक आणि वर्ष. ए प्रकारात शेवटी एच१एन१ किंवा एच३एन२ लिहिलेलं असतं. पूर्वी चार जाती असत, आता तीन आल्या तर फसवणूक झाली असं समजू नका. बी चा यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून काढायला सांगितला.

शेवटची अडचण फ्रीजची. लस २ ते ८ अंशांत हवी. इथे मेमध्ये ४५ अंश आणि त्यात वीज गेलेली, मग लोक घाबरून सिरिंज बर्फाला चिकटवून आणतात. उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त लशी मरतात. आइसपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला, आणि लशीचा खोका कागदात गुंडाळून मध्ये. फ्रीजमध्ये दारात नाही, फ्रीजरच्या खालीही नाही. मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब, शेजारी थर्मामीटर. लस गोठली होती का हे ओळखायला दवाखान्यात हलवून बघण्याची जी चाचणी करतात, ती अ‍ॅल्युमिनियम असलेल्या लशींसाठी आहे. फ्लूच्या नेहमीच्या लशीत अ‍ॅल्युमिनियम नसतं. गोठून वितळलेली सिरिंज दिसायला अगदी ठीक दिसते. थर्मामीटर शून्याखाली गेलेला दिसला तर ती टाकून द्यायची.